जलरेषेच्या वर आणि खाली

शिडाच्या क्रीडानौकांच्या, म्हणजे ज्यांना यॉट म्हणतात त्यांच्या जगात, गेल्या तीन-चार दशकांत एक प्रकार ठळकपणे पुढे आला आहे. या प्रकारातील नौका नांगरावर उभी असताना पाहिली, तर ती पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे बांधलेली वाटते: अंग अरुंद, काठ पाण्यापासून फारसा उंच नाही, नाळ म्हणजे पुढचे टोक पाण्यावर तिरपे झेपावलेले, पिछाडी निमुळती होत मागे निघालेली, आणि या दोन टोकांना जोडणारी डेकची कडा एका सलग, मंद वक्ररेषेत उतरून पुन्हा चढलेली. तीच नौका डागडुजीसाठी पाण्याबाहेर काढली, की तिचा काळ एकदम बदलतो. जुन्या नौकेत नाळेपासून पिछाडीपर्यंत सलग जाणारा खोल कणा तिथे नसतो. त्याऐवजी उथळ, गुळगुळीत तळ, त्याच्या मध्यावरून खाली उतरलेले एक आखूड पण खोल पाते, आणि त्यापासून बरेच मागे स्वतंत्रपणे बसवलेले सुकाणू दिसते. हा संयोग म्हणजे आधुनिक यंत्रावर चढवलेला जुना मुखवटा आहे, असा आक्षेप काही जाणकार घेतात, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. मात्र जुन्या नौकेचा प्रत्येक अवयव तसाच का होता हे ज्याने नीट समजून घेतले आहे, अशा आरेखकाच्या हातून हा संयोग अस्सल उतरतो, आणि ज्याने ते समजून घेतलेले नाही त्याच्याच हातून तो मुखवटा ठरतो, हे पुढील उदाहरणांवरून दिसून येईल.

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातल्या ब्रिस्टल गावी राहणारे नॅथॅनिएल हेरेशॉफ (१८४८–१९३८) हे त्या देशाचे सर्वश्रेष्ठ नौकाशिल्पी मानले जातात. अमेरिका कप या विख्यात शर्यतीत १८९३ ते १९२० या काळात अमेरिकेचा बचाव करून विजयी ठरलेल्या पाच नौका त्यांच्या आरेखनाच्या होत्या. त्यांची कामाची रीत कागदावर सुरू होत नसे. नौका दोन्ही अंगांनी सारखीच असल्यामुळे तिचा अर्धाच भाग ते लाकडात कोरून काढत, हाताने चाचपून आणि डोळ्यांसमोर फिरवून त्याचा घाट पुन्हा पुन्हा तासत, आणि मनाजोगता उतरला की स्वतः बनवलेल्या एका उपकरणाने त्यावरची मापे घेऊन ती पूर्ण आकाराला वाढवत. १९१२ मध्ये त्यांनी अशाच अर्धप्रतिकृतीवरून स्वतःच्या वापरासाठी ‘अ‍ॅलेरियन’ नावाची २६ फुटी नौका बांधली आणि हिवाळ्यात बर्म्युडा बेटांवर ती चालवली. तिचा घाट त्यांना इतका साधला होता, की त्याच्याच आधारे पुढे ‘न्यूपोर्ट २९’ या मोठ्या नौका निघाल्या. मूळ ‘अ‍ॅलेरियन’ आज कनेटिकट राज्यातील मिस्टिक सीपोर्ट संग्रहालयात आहे.

या नौकेचे रूप डोळ्यांसमोर ठेवून कार्ल शूमाकर या कॅलिफोर्नियातील आरेखकाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘अ‍ॅलेरियन एक्स्प्रेस २८’ रेखली. तिचा काठ, तिची नाळ, तिच्या छोट्या केबिनची बैठक हे सारे हेरेशॉफ यांच्या वळणाचे आहे. बांधणी मात्र फायबरग्लासची, आणि जलरेषेखालचा भाग, म्हणजे स्थिर पाण्यात उभ्या नौकेच्या अंगावर पाणी जिथवर येते त्या रेषेखालचा भाग, पूर्णपणे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. नौकेचे वजन सुमारे अडीच टन असून त्यातले टनभर शिसे तळाच्या पात्यात आहे. एकट्या माणसाला संध्याकाळी दोन तास चालवून आणता यावी, एवढ्याच हेतूने आखलेली ही नौका शेकड्यांनी बांधली गेली आणि या प्रकाराला तिने बाजारात पाय रोवून दिले.

खालचा भाग बदलण्याची गरज का भासली, हे समजण्यासाठी नौकेला पाण्याचा विरोध कसा होतो ते पाहावे लागते. हा विरोध मुख्यतः दोन प्रकारचा असतो. पहिला घर्षणाचा: पाण्याला स्पर्श करणारा पृष्ठभाग जितका जास्त, तितके पाणी नौकेला धरून ठेवते, आणि मंद वाऱ्यात, कमी वेगाने जाताना हाच विरोध प्रमुख असतो. दुसरा लाटांचा: पुढे जाणारी नौका पाणी बाजूला सारताना नाळेपाशी एक लाट उठवते, वेग वाढेल तशी ती लाट लांबत जाते, आणि एका विशिष्ट वेगाला लाटेची लांबी नौकेच्या जलरेषेवरील लांबीइतकी होते. त्या क्षणी नौका स्वतःच निर्माण केलेल्या दोन शिखरांमधल्या खळगीत बसते, आणि वेग आणखी वाढवायचा तर तिला पुढच्या लाटेवर चढावे लागते. या मर्यादेचा अंदाज एका सोप्या सूत्राने येतो: जलरेषेवरील लांबी मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला २.४३ ने गुणले, की वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, मिळतो. जलरेषेवर सात मीटर असलेल्या नौकेची ही मर्यादा ६.४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १२ किलोमीटर येते. ती दुप्पट करायची तर लांबी चौपट करावी लागेल. लाटा आणि वेग यांच्या या नात्याचा शास्त्रशुद्ध पाया इंग्लंडमधील विल्यम फ्रूड (१८१०–१८७९) यांनी घातला. बोथट टोकांच्या ‘स्वान’ आणि टोकदार ‘रेव्हन’ या दोन प्रतिकृती पाण्यातून ओढून त्यांनी दाखवून दिले, की कमी वेगाला एक आकार सरस ठरतो तर जास्त वेगाला दुसरा, आणि सर्व वेगांना उत्तम असा एकच आकार नसतो.

सलग, लांब कणा घर्षणाचा पृष्ठभाग वाढवतो, आणि त्या बदल्यात जे द्यायचे ते फारसे कार्यक्षमतेने देत नाही. शिडाच्या नौकेला कण्याची गरज दोन कारणांनी असते. वारा बाजूने आला की नौका आडवी सरकू लागते आणि एका अंगावर कलू लागते. आडवे सरकणे थोपवण्यासाठी पाण्यात एक उभा पडदा हवा आणि कलणे थोपवण्यासाठी तळाशी वजन हवे, ज्याला नीरम म्हणतात. हा पडदा पाण्यात अगदी थोडा तिरका चालत असल्यामुळे तो वस्तुतः विमानाच्या पंखाचे काम करतो, फक्त त्याचे बळ वर लागण्याऐवजी, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला आडवे लागते. लांब आणि अरुंद पंख आखूड आणि रुंद पंखापेक्षा तेवढ्याच क्षेत्रफळात अधिक बळ देतो, हे विमानविद्येतील प्राथमिक तत्त्व आहे. नौकेच्या भाषेत त्याचा अर्थ असा, की उथळ आणि लांबलचक कण्यापेक्षा खोल आणि आखूड पाते कमी घर्षणात तेच काम करते, आणि पात्याच्या अगदी खालच्या टोकाला शिसे ठेवता आल्याने थोड्या वजनात अधिक स्थैर्य मिळते. सुकाणू कण्यापासून सोडवून मागे नेले, की मध्यापासूनचे अंतर वाढून नौका वळवण्यासाठी त्यावर कमी जोर पुरतो. बिल लॅपवर्थ यांच्या ‘कॅल ४०’ या १९६३ च्या नौकेने, आणि ऑलिन स्टीफन्स यांच्या ‘इन्ट्रेपिड’ने १९६७ च्या अमेरिका कपमध्ये, ही रचना सर्वमान्य केली.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. खोल पाते, त्याच्या टोकाला शिशाचा लांबट गोळा आणि मागे वेगळे सुकाणू, ही जी रचना आज आधुनिक म्हणून ओळखली जाते, ती स्वतः हेरेशॉफ यांनी १८९१ मध्येच ‘डिलेमा’ या नौकेत करून दाखवली होती. ती कमालीची वेगवान ठरली. पण नौकांची वर्गवारी करणाऱ्या नियमांनी अशा हलक्या, पातेदार नौकांना पुढे वाव ठेवला नाही, आणि एवढे वजन एका पातळ पात्यावर तोलून धरताना त्या काळच्या हलक्या लाकडी सांगाड्यावर पडणारा ताणही सोसणारा नव्हता. म्हणजे वीस वर्षांनंतर ‘अ‍ॅलेरियन’ला उथळ कणा देणाऱ्या माणसाला पात्याची कल्पना नव्हती असे नाही. जुने रूप आणि नवा तळ यांच्यामधली सीमारेषा शतकांची नसून साधनांची आणि नियमांची आहे.

नियमांचा हात तर जुन्या नौकांच्या सर्वांत मोहक वाटणाऱ्या अवयवात स्पष्ट दिसतो, आणि तो अवयव म्हणजे पाण्यावर पुढे-मागे झेपावलेली टोके. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत प्रचलित असलेल्या नियमात नौकेचे मान तिची जलरेषेवरील लांबी आणि शिडांचे क्षेत्रफळ यांवरून ठरत असे, आणि जलरेषेवरील लांबी नौका सरळ उभी असताना मोजली जात असे. आरेखकांनी यातली पळवाट ताबडतोब हेरली. टोके पाण्याबाहेर लांबवली तर मोजणीच्या वेळी ती हिशेबात येत नाहीत, पण वाऱ्यात नौका कलली की ती पाण्यात टेकतात, जलरेषा लांबते आणि वर सांगितलेली वेगमर्यादा आपोआप वर सरकते. हेरेशॉफ यांची १९०३ ची ‘रिलायन्स’ जलरेषेवर ९० फुटांच्या आत होती, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १४४ फूट. तिच्या शिडांचे क्षेत्रफळ १६,००० चौरस फुटांहून अधिक होते. ती जिंकली, पण एवढी नाजूक आणि धोकादायक नौका शर्यतीखेरीज कशाच्याही उपयोगाची नव्हती. त्यापुढच्या काळात अमलात आलेला, नौकेचे वजनही हिशेबात धरणारा नियम हेरेशॉफ यांनीच मांडलेला होता. ज्या लांबसडक टोकांकडे आज सौंदर्याची खूण म्हणून पाहिले जाते, ती अशी नियमाच्या फटीतून वाढलेली आहेत. उलट, वेगासाठीच राबणाऱ्या ब्रिस्टल खाडीतील, म्हणजे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या, वाटाड्या नौकांची नाळ एकोणिसाव्या शतकात सरळ उभीच असे, आणि आजच्या शर्यतीच्या नौकांचीही तशीच असते. म्हणून लांब टोके घेतली की नौका आपोआप परंपरेतली होते, हा समज टिकत नाही. आणि त्या टोकांनी आजही काही काम केले पाहिजे, ही अपेक्षा मात्र रास्त ठरते.

आरेखकाची खरी कसोटी याच ठिकाणी लागते. जलरेषेच्या वर जुने आणि खाली नवे, ही विभागणी नांगरावर उभ्या नौकेपुरतीच खरी असते. वारा भरला की नौका वीस-पंचवीस अंशांनी कलते, एका अंगाचा काठ पाण्यात जातो, दुसऱ्या अंगाचा तळ पाण्याबाहेर येतो, आणि जो भाग केवळ दिसण्यासाठी म्हणून सोडला होता तोच पाण्याला सामोरा जातो. आधुनिक वेगवान नौकेची पिछाडी रुंद आणि सपाट असते, कारण अशा पिछाडीवर हलकी नौका वाऱ्याबरोबर जाताना स्वतःच्या लाटेच्या खळगीतून उसळून वर येऊ शकते. परंतु ती रुंद पिछाडी कलली की नौकेचा पाण्यातला आकार वाकडातिकडा होतो आणि मधोमध असलेले सुकाणू पाण्याबाहेर उचलले जाते, ज्यावर उपाय म्हणून शर्यतीच्या कित्येक नौकांना दोन सुकाणू बसवतात. जुन्या वळणाच्या निमुळत्या पिछाडीला हा त्रास नाही. तिची पुढची आणि मागची बाजू जवळपास सारख्याच प्रमाणात अरुंद असल्याने ती कललेलीही समतोल राहते आणि एका सुकाणूवर हलक्या हाताने चालते. पण ती लाटेवरून उसळणारही नाही. निमुळत्या पिछाडीखाली रुंद सपाट तळ लपवू पाहणाऱ्या नौकांना पाण्यात उतरल्यावर ना हा गुण राहतो ना तो. चांगला आरेखक कोणता गुण सोडायचा हे आधीच ठरवतो. तो सहसा उसळण्याची अपेक्षा सोडतो, वाऱ्याच्या तोंडावर चढण्याचा आणि मंद वाऱ्यात चालण्याचा गुण धरतो, आणि तळाचा पाण्याला स्पर्श करणारा पृष्ठभाग कमी करून घर्षण घटवतो.

डेकच्या कडेची वक्ररेषा, जिला शिअर म्हणतात, हा या साऱ्या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे, कारण तिला कोणतेही सूत्र नाही. पूर्वी ती रेखाटनगृहाच्या जमिनीवर लवचिक लाकडी पट्टीने आखत. पट्टी ठरावीक बिंदूंवर शिशाच्या वजनांनी दाबून धरली, की मधल्या जागी लाकूड आपल्या प्रकृतीनुसार वाकते, आणि एखादे वजन केसभर चुकीच्या जागी असले तर तेथे उठलेला उंचवटा जमिनीला डोळा लावून पाहणाऱ्याला लगेच खटकतो. आजच्या संगणकाच्या आज्ञावलीही त्याच वाकणाऱ्या पट्टीच्या गणितावर रेषा काढतात. तरीही अडचण उरतेच. आजच्या ग्राहकाला केबिनमध्ये उभे राहता आले पाहिजे, म्हणून काठ उंच होतो, आणि काठ उंच झाला की वक्ररेषा सपाट दिसू लागते. काठाखाली कोरलेली बारीक सोनेरी रेघ ती उंची डोळ्यांना थोडी कमी भासवते, पण थोडीच. ‘अ‍ॅलेरियन एक्स्प्रेस’मध्ये शूमाकर यांनी केबिन वाकूनच वावरण्याजोगी ठेवली आणि काठ खाली राहू दिला; तिचे रूप टिकले ते या त्यागामुळे.

बांधणीच्या साहित्याने या प्रकाराला जे बळ दिले त्याखेरीज तो उभाच राहिला नसता. पारंपरिक लाकडी नौका बरगड्यांवर फळ्या ठोकून आणि सांध्यांत सूत ठासून बनते. तिचा प्रत्येक सांधा हलतो, पाणी पितो, आणि खोल पात्याचा एकवटलेला ताण तिला मानवत नाही. एपॉक्सी या चिवट रासायनिक लेपाने लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे थर एकमेकांवर तिरपे चिकटवून सलग कवच बनवण्याची पद्धत मिशिगनच्या गूजन बंधूंनी १९७० च्या दशकात प्रस्थापित केली. मेन राज्यातील ब्रुकलिन येथील जोएल व्हाइट यांनी याच पद्धतीच्या बांधणीसाठी, हेरेशॉफ यांच्या १९१३ च्या ‘न्यूयॉर्क ५०’ नौकांपासून स्फूर्ती घेऊन, ७६ फुटी नौकेचे आरेखन केले. ‘वाइल्ड हॉर्सेस’ आणि ‘व्हाइट विंग्ज’ या तिच्या दोन भगिनी १९९८ मध्ये पाण्यात उतरल्या, त्याआधी डिसेंबर १९९७ मध्येच व्हाइट यांचे निधन झाले होते. या नौकांची डोलकाठी कार्बन तंतूंची आहे, आणि तिचे महत्त्व एका साध्या हिशेबाने कळते. समजा हलक्या डोलकाठीमुळे ३० किलो वाचले आणि ते वजन नौकेच्या गुरुत्वमध्यापासून सरासरी सहा मीटर वर होते. तर तेवढेच स्थैर्य गुरुत्वमध्याखाली १.२ मीटरवर शिसे ठेवून मिळवायला १५० किलो लागले असते.

याच्या अगदी उलट वाट १९३० च्या दशकातील ‘जे’ वर्गाच्या महाकाय नौकांच्या बाबतीत निवडली गेली. १९३७ च्या अमेरिका कपमध्ये अमेरिकेच्या ‘रेंजर’ने इंग्लंडच्या ‘एंडेव्हर २’ला चारही शर्यतींत हरवले, ‘रेंजर’चा घाट प्रयोगशाळेच्या टाकीत अनेक प्रतिकृती ओढून निवडलेला होता. पुढे दोन्ही मोडीत निघाल्या. २००३ मध्ये ‘रेंजर’ची आणि २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये ‘एंडेव्हर २’ची प्रतिकृती बांधली गेली, आणि दुसरीचे नाव मराठी वाचकाला सहज ओळखीचे वाटेल असे आहे: ‘हनुमान’. या वर्गाच्या नियमानुसार तळाचा घाट मूळ आराखड्याबरहुकूम ठेवावा लागतो. बदल होतो तो धातूत, डोलकाठीत आणि शिडांत. म्हणून ‘हनुमान’चे अंग अ‍ॅल्युमिनियमचे आहे, आणि जलरेषेखालचा सलग कणा मात्र १९३६ चाच.

तिसरी वाट भारतीय नौदलाच्या ‘कौंडिण्य’ या शिवलेल्या जहाजाची. अजिंठ्याच्या लेण्यांतील पाचव्या शतकातल्या चित्रावरून ते रेखले गेले, केरळचे बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखालील कारागिरांनी गोव्यात त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या, आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते नौदलात दाखल झाले. येथे साहित्य आणि पद्धत दोन्ही जुनी राखण्याचा कटाक्ष होता. पण सपाट चित्रावरून तळाचा संपूर्ण घाट कळत नाही, म्हणून तो नव्याने ठरवावा लागला आणि आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागात प्रतिकृतीवर तपासून घ्यावा लागला.

नव्या तळाची किंमत काय, हेही नोंदले पाहिजे. सलग कण्याची नौका सुकाणू सोडले तरी बराच वेळ सरळ चालते, खडकाला घासली तरी तिचे सुकाणू कण्याच्या आडोशाला सुरक्षित असते, आणि ओहोटीत ती कण्यावर टेकवून तळ साफ करता येतो. पातेदार नौकेला यातले काहीच सहज जमत नाही. जाळ्यांचे दोर पाते आणि सुकाणू यांच्या बेचक्यात अडकतात ते वेगळेच. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ नौका निघाल्या असता वादळाने १५ स्पर्धकांचा बळी घेतला, आणि त्यानंतरच्या अभ्यासांत हलक्या, रुंद नौका उलटल्यावर पालथ्याच राहण्याचा धोका प्रकर्षाने पुढे आला. नवा तळ घेऊनही अंग अरुंद ठेवणे, जे या प्रकारात जुन्या रूपाच्या ओढीने होते, हे त्या दृष्टीने सुरक्षिततेचेही आहे. ज्यांना दिवसभराची सफर करून संध्याकाळी बंदरात परतायचे आहे त्यांच्यासाठी हा संयोग आजही सर्वोत्तम म्हणावा लागेल. दूरच्या, एकाकी समुद्रांत वर्षानुवर्षे भटकणाऱ्यांनी मात्र जुना सलग कणा सोडण्याची घाई करू नये. आणि अशी नौका पाहण्याचा योग आला, तर तिची परीक्षा ती नांगरावर उभी असताना न करता, वाऱ्यात कलून एका अंगाचा काठ पाण्याला भिडलेला असताना करावी.